पूर्ण दिसत नाही

तिला जायचं होतं दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टने तिला नेऊन सोडलं तळघरात.

दार उघडलं तेव्हा समोर लांबलचक पॅसेज, छताला चिकटून गेलेले पाइप, आणि डोळे आपोआप बारीक व्हावेत असा औषधांचा वास. ट्रेनिंगचा पहिलाच दिवस, त्यात झालेला उशीर, त्यात छत्रीतून गळणारं पाणी. तिने दिसलं ते पहिलं दार ढकललं.

आत एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसला होता. मान वर न करता त्याने समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

“बसा. आणि पटकन सांगा, तुम्हाला काय दिसतंय.”

“अहो, मी—”

“‘अहो मी’ नंतर. आधी बघा. आज सकाळपासून माझाच माझ्यावर विश्वास नाही.”

तो सूक्ष्मदर्शक दोघांचा होता. एकाच काचपट्टीवर समोरासमोर बसून दोघांनी बघायचं, शिकवणाऱ्याने या बाजूने आणि शिकणाऱ्याने त्या बाजूने. ती का बसली हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. छत्री पायाशी ठेवून तिने डोळे लावले. गुलाबी, जांभळं, पुन्हा गुलाबी... एका कडेला पेशी शहाण्यासारख्या रांगेत उभ्या होत्या. मग रांग विस्कटली होती.

“इथवर रांग आहे,” ती म्हणाली. “पुढे नुसती गर्दी.”

“वा! म्हणजे मला वेड लागलेलं नाही.” समोरून समाधानाचा उसासा आला. “नवीन टेक्निशियन ना तुम्ही?”

“नाही. मी कॉल्पोस्कोपीच्या ट्रेनिंगला आलेय. चुकून खाली उतरले.”

आता त्याने मान वर केली. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि डोळ्यांभोवती यंत्राच्या कडांचे दोन गोल वळ. घुबडासारखे. तिला हसू आलं. मग लक्षात आलं की आपल्याही डोळ्यांभोवती तेच उमटलं असणार.

“चुकून का होईना,” तो म्हणाला, “नजर बरी आहे. मोठ्या मॅडमना सांगू नका मी असं म्हणालो ते. त्या खराब करतील आधी, मग सुधारतील.”

असं झालं खरं. एकमेकांना बघायच्या आधी दोघांनी एकच गोष्ट बघितली होती.

*

वर, दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या मॅडमचं राज्य होतं. शिकायला आलेले सगळे मुळात डॉक्टरच होते, काहींचे तर केसही पांढरे व्हायला लागलेले. पण मॅडमच्या समोर सगळे पहिलीत.

काम ऐकायला सोपं होतं. गर्भाशयाच्या मुखाला पातळ आम्ल लावायचं, व्हिनेगरच म्हणा ना, आणि थांबायचं. जिथे पेशी बिघडल्या असतील तिथे हळूहळू पांढरा डाग उमटतो. तो भिंगातून बघायचा, साधा की संशयाचा ते ठरवायचं, आणि संशय असेल तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून खाली तळघरात पाठवायचा. तळघर काय ते खरं सांगणार.

“थांबा!” मॅडम दर पेशंटमागे ओरडत. “आम्ल लावलं की लगेच काय डोळे फाडता? डाग काय तुमच्या बापाचा नोकर आहे, हाक मारली की हजर व्हायला? थांबायला शिका.”

त्यांचा दुसरा नियम याहून कडक. पडद्यावर फोटो आला की प्रत्येकाने आपलं मत मोठ्याने बोलून दाखवायचं, आणि मगच तळघराचा निकाल उघडायचा. “निकाल आल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं,” त्या म्हणत. “आधी चुका. चारचौघांत चुका. एकट्याने चुकलात तर भरते ती बाई.”

पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना नावं पडली. एक उंच डॉक्टर कुणाचाच तुकडा काढायला राजी नसे, तो ‘कंजूस’. आणि तिला जिथे तिथे पांढरं दिसे, म्हणून ती ‘शंकासूर’.

दर गुरुवारी तळघरातला तो पॅथॉलॉजिस्ट काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन वर येई आणि एकेकाचा निकाल सांगे.

“यातल्या शंकासूर कोण?” पहिल्याच गुरुवारी त्याने विचारलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. “अच्छा, तुम्ही! तुमचा माझ्यावर भलताच जीव दिसतो.”

“म्हणजे?”

“रोज काही ना काही पाठवता.”

वर्ग हसला. मॅडमसुद्धा. तिचे कान गरम झाले.

“आणि सगळं निरोगी,” तो पुढे म्हणाला, आवाज जरा खाली आणून. “एक सोडून सगळं. इतकं निरोगी बघून मलाच आजकाल बरं वाटायला लागलंय.”

तिसऱ्या प्रहरी जिन्याखालच्या चहाच्या मशीनपाशी दोघांची गाठ पडू लागली. योगायोगाने... निदान पहिल्या एक-दोनदा तरी. मशीन नाणं गिळायचं आणि ढिम्म उभं राहायचं. मग तो एका विशिष्ट जागी त्याला थाप मारायचा.

“निदान झालं,” तो म्हणायचा. “उपचारही झाले. बघा, तुकडा न काढता.”

“टोमणे मारायला तळघरातून एवढे जिने चढून येता?”

“लिफ्ट आहे की. चुकीच्या मजल्यावर सोडते म्हणतात, पण माझी तक्रार नाही.”

ती कपात बघत राहायची. तिच्या बोटांना दिवसभर व्हिनेगरचा वास असे, त्याच्या हातांना फॉर्मलिनचा. दोन्ही वास चहाच्या वाफेत मिसळायचे. कुठल्याही गोष्टीत प्रेमाचा असा वास वर्णिलेला तिला आठवत नव्हता, आणि तिने गोष्टी काही कमी वाचल्या नव्हत्या.

एके दिवशी त्याने तिला खाली बोलावलं. “तुमचाच तुकडा आहे. या, भेटून जा.”

तेच स्टूल, तेच समोरासमोर बसणं. “इथे तुम्हाला पांढरं दिसलं असणार.”

“दिसलंच.”

“दिसणारच. पण हा आजार नव्हे. एका जातीची पेशी दुसऱ्या जातीची होतेय. धड अलीकडची नाही, धड पलीकडची नाही. बदलताना जरा पांढरं दिसतंच माणूस... म्हणजे पेशी.” त्याने काचपट्टी जरा सरकवली. “थोडे दिवस दिले की आपणहून सावरते. कापायची गरज नसते.”

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी, मोकळं, आवाज होऊन. हसून झालं आणि तिचा हात कुठेतरी चोरी पकडल्यासारखा मांडीवर आक्रसला.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

*

‘काही नाही.’ हे दोन शब्द तिच्या आईचे होते.

आई पोस्टात काउंटरवर बसायची. निवृत्त झाल्यावर तिने सगळ्या तपासण्या करून घ्यायचं मनावर घेतलं, पोस्टातल्यासारख्याच शिस्तीने. पॅपच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशींच्या तपासणीत काहीतरी शंका निघाली, म्हणून शहरात नेऊन कॉल्पोस्कोपी केली. लेक बाहेर बाकावर. आई बाहेर आली ती पर्स छातीशी धरून, परीक्षेत पहिली आल्यासारखी. “काही नाही म्हणाले! नॉर्मल. चल, आइस्क्रीम खाऊ.” दोघींनी खाल्लं. आईने कप चाटूनपुसून साफ केला आणि म्हणाली, “डॉक्टरीणबाई, तुम्ही उगाच तोंड बारीक करून बसला होतात.”

तो कप पुसून काढतानाची आई तिला जितकी स्वच्छ आठवे, तितकी शेवटच्या आजारातली आठवत नसे. आजार पुढे उघडा पडला तेव्हा फार पुढे गेलेला होता.

आईच्या फाइलमध्ये त्या तपासणीचा फोटो होता. खाली एकच शब्द: नॉर्मल. गेलं वर्षभर ती तो फोटो बघत होती. कधी तिला इथे पांढरं दिसे, कधी तिथे. कुठेतरी असणारच. त्या डॉक्टरला दिसलं नाही, त्याने घाई केली. तो डाग एकदा सापडला, की मग... मग काय, ते तिला माहीत नव्हतं. पण तो सापडेपर्यंत प्रत्येक बाईत ती त्यालाच शोधत होती.

गावी, तिच्या छोट्या इस्पितळात, नवं कॉल्पोस्कोप येऊन पडलं होतं. ते चालवायला माणूस नव्हता. ती शिकून गेली तर सुरू होणार, नाहीतर प्लॅस्टिकमध्येच राहणार.

“मी सही करणार नाही,” मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. “तुझ्यात नजर आहे. पण तू बघत नाहीस, तू घाबरतेस. प्रत्येक तुकड्यामागे एका बाईची झोप जाते, पोरी. निकाल येईपर्यंत ती मुलांची लग्नं मनातल्या मनात उरकून टाकते. हे असंच राहिलं तर मी तुला एकटीने काम करायला पाठवू शकत नाही.”

“कळलं, मॅडम.”

“कळलं म्हणू नकोस. शुक्रवारी प्रत्येकाने आपापल्या भागातली एक केस आणायची आहे. नाव झाकून. नीट निवडून आण.”

त्या संध्याकाळी तिने बाबांना फोन केला. बाबा नेहमीसारखे म्हणाले, “जेवलीस का?” आणि नेहमीसारखे पुढे काहीच बोलले नाहीत. मग तिने पेटीतून फाइल काढली.

*

शुक्रवारी पडद्यावर आईचा फोटो आला. भिंतीएवढा. नाव झाकलेलं, वय तेवढं लिहिलेलं: एकसष्ट. पॅपमध्ये शंका.

“हं. बोला,” मॅडम म्हणाल्या.

“नॉर्मल,” कंजूस म्हणाला. “एकदम स्वच्छ. पुढची घ्या.”

“नॉर्मल.” “नॉर्मलच.” “मलाही काही दिसत नाही.” एकेक करत सगळे म्हणाले. चांगले, मेहनती, आता थांबायला शिकलेले डॉक्टर.

“आणि शंकासूर?”

ती पडद्याजवळ गेली. “मला इथे...” तिने बोट ठेवलं. मग हात सरकवला. “किंवा इथे. इथे असेल.”

मागच्या रांगेत पॅथॉलॉजिस्ट बसला होता. आज त्याच्याकडे निकाल नव्हता, नुसता ऐकायला आला होता. तो हसत म्हणाला, “घ्या तुकडे. इथून घ्या, तिथून घ्या, परडीभर घ्या. माझ्याकडे सगळे निरोगीच येतील.”

मॅडम हसल्या नाहीत. “दोन प्रकारच्या त्वचा जिथे मिळतात ती सीमारेषा मला दाखवा,” त्या म्हणाल्या. “आजार सुरू होतो तो तिथे. दाखवा कुणीतरी.”

सगळे बघत राहिले. सीमा फोटोत कुठेच नव्हती.

“पाळी गेल्यावर ती आत सरकते. वर, नळीत. भिंगाचा प्रकाश तिथे पोचत नाही. मग जी जागा तुम्ही बघितलीच नाही, तिला नॉर्मल कशाच्या जोरावर म्हणालात? उत्तरं दोन नसतात, तीन असतात. आजार आहे. आजार नाही. आणि तिसरं, जे म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटत नाही: मला पूर्ण दिसत नाही. हे म्हटलं असतं, तर आतून खरवडून नमुना घेतला असता. पुढे काय झालं या पेशंटचं?”

तिचं बोट अजून पडद्यावर होतं. तिच्या हातावर फोटोचा गुलाबी प्रकाश पडला होता.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

*

वर्ग सुटल्यावर ती लिफ्टमध्ये शिरली आणि या वेळी स्वतः तळघराचं बटण दाबलं.

खोलीत कुणी नव्हतं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू होता, खाली काचपट्टी नव्हती. ती आपल्या स्टुलावर बसली आणि डोळे लावले. नुसता पांढरा गोल. कुठे काही नाही.

दार वाजलं. समोरच्या स्टुलाचा आवाज झाला. त्यानेही डोळे लावले असावेत, कारण त्याच्या श्वासाचा आवाज अगदी जवळून आला.

“तुम्ही कुठल्याच केसला ‘माहीत नाही’ म्हणत नाही,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही पेशंटच्या सुनांची नावं सांगता. मग ही...?”

“माझी आई.”

कुठेतरी पाइपमधून पाणी उतरत गेलं.

“मी परडीभर म्हणालो,” तो म्हणाला. “मला—”

“बरं झालं म्हणालात.” तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. “वर्षभर शोधतेय मी त्या फोटोत. मला वाटायचं, तो डाग सापडला की त्या डॉक्टरच्या तोंडावर नेऊन मारीन. आज कळलं, तिथे नव्हताच. आणि ‘नॉर्मल’ तर आमच्या अख्ख्या वर्गाने म्हटलं. मला तर नसलेलं दिसत होतं.” डोळ्यांवर यंत्राच्या कडा रुतत होत्या, तिथून पाणी घरंगळून हनुवटीपर्यंत आलं. “आइस्क्रीम खाल्लं हो आम्ही. त्या दिवशी. तिने दुसरा कप मागितला तर मी म्हटलं, खोकला होईल.”

तो समजूत घालायला लागला असता, तर ती उठून गेली असती. तो नुसता त्याच पांढऱ्या गोलात तिच्यासोबत बघत बसला. बऱ्याच वेळाने टेबलावरून एक हात आला, आणि तिच्या हाताच्या शेजारी, न टेकता, थांबला.

“तिथे नको शोधूस तिला,” तो म्हणाला.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांच्याही तेव्हा लक्षात आलं नाही. तिने आपला हात तेवढं अंतर सरकवला.

*

मॅडमनी सही केली. शेवटच्या आठवड्यात तिने एका बाईला “सगळं नीट दिसलं, आणि सगळं ठीक आहे” असं तुकडा न काढता सांगितलं, तेव्हा तिचा आवाज कापला नाही.

निघायच्या दिवशी पुन्हा पाऊस होता. चहाच्या मशीनने नाणं गिळलं. त्याने थाप मारली नाही.

“इथे जागा निघतेय,” तो म्हणाला. “मॅडमना तू हवी आहेस. मॅडमनाच असं नाही... आणखीही एक-दोघांना.”

“एक की दोघं?”

“एकच. पण दोघांइतकं.”

ती हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरून आले. “तिकडचं यंत्र अजून प्लॅस्टिकमध्ये आहे. आणि बाबा फोनवर फक्त जेवण विचारतात.”

“मीच आलो असतो. पण या तळघरात दुसरा कुणी नाही.”

“माहीत आहे. मी मागितलं का?”

“नाही. तेच तर.” त्याने मशीनवर थाप मारली. एकच कप भरला. तो दोघांनी प्यायला, आळीपाळीने, शेवटचा घोट कुणी घ्यायचा यावर भांडत. मग ती छत्री उघडून निघाली. फाटकापाशी तिने वळून बघितलं. तो दारातच उभा होता, चष्मा कपाळावर. म्हणजे त्याला ती धूसरच दिसत असणार.

*

गावी महिने गेले. यंत्राचं प्लॅस्टिक उतरलं. बाबा ‘जेवलीस का’ आता समोर बसून विचारू लागले. नमुन्यांची पेटी दर आठवड्याला शहरात त्याच्याकडे जाई आणि निकाल फोनवर येत. “निरोगी. निरोगी. अगं, हल्ली फार कमी पाठवतेस, जीव कमी झाला की काय?” मग थोडं हसणं, थोडी शांतता, आणि फोन बंद. तेवढ्यावर तिचा आठवडा निघे. कधीकधी निघत नसे.

मग एक काकू आल्या. आईच्याच वयाच्या, पर्स छातीशी धरून. तिने आम्ल लावलं. थांबली. भिंग फिरवलं. सगळं गुलाबी, स्वच्छ. सीमा कुठेच नाही.

“काही नाही ना?” काकूंनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधीच आनंद यायला लागला होता.

तो आनंद तिच्या ओळखीचा होता.

“मला पूर्ण दिसत नाही, काकू,” ती म्हणाली. “आतून नमुना घ्यावा लागेल. जरा दुखेल.”

“अहो, शेजारणीला तर लगेच नॉर्मल म्हणून सोडलं! तुम्हालाच दिसत नाही होय?” काकू रागावल्या. दुखलं तेव्हा रडल्या. जाताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आइस्क्रीम खायला तर नक्कीच गेल्या नसतील.

निकालाचा फोन नेहमीच्या दिवसाआधीच आला. यावेळी तो सुरुवातीला काही विनोद करेना.

“सापडलं,” तो म्हणाला. “आतच होतं. पण अगदी सुरुवातीचं. लहानसं ऑपरेशन, बस्स. बाई वाचल्या.”

ती खिडकीशी उभी होती. बाहेर बाकावर कुणाची तरी लेक वाट बघत बसली होती, कुणाची ते तिला माहीत नव्हतं. तिने कपाळ काचेला टेकलं.

“शंकासूर?”

“हं.”

“रडतेस?”

“नाही.”



“इथून पूर्ण दिसत नाही मला,” तो म्हणाला. “यावं लागेल.”

ती लगेच बोलली नाही. मॅडमनी शिकवलं होतं, घाई करायची नाही. थांबलं की जे असेल ते आपणहून उमटतं. ती थांबली. पलीकडे तोही थांबला.

“ये,” ती म्हणाली.